खऱ्या गोळीची वाटणी

एक किलोचं प्रमाण वजन मखमलीच्या डबीत झोपतं. त्याला उघड्या हाताने शिवायचं नाही. हाताच्या घामालाही वजन असतं.

*

जिन्याखाली विजेचे दोन मीटर आहेत. डावा पळतो, उजवा चालतो.

*

“अभिनंदन,” वहिनी म्हणाल्या, आणि उलटीचं भांडं उचलून मोरीकडे गेल्या.

*

यकृत दुखत नाही. पोटातल्या बाकीच्या मंडळींना बोलायची खोड असते. आतडं कुरकुरतं, जठर जळफळतं, मूत्रपिंडाला खडा टोचला तर ते घर डोक्यावर घेतं. यकृत मात्र मुकाट्याने सगळं अंगावर घेतं आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. दिसायला लागतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

*

प्लायवूडच्या भिंतीतून शिंक ऐकू येते, खोकला ऐकू येतो, भांडण तर शब्द न् शब्द ऐकू येतं. उचकी ऐकू येत नाही.

*

ही वाक्यं एकमेकांना ओळखत नाहीत असं वाटेल. पण ती एकाच घरातली आहेत, आणि एका घरातल्यांनी एकमेकांना ओळख न दाखवणं यात नवल ते काय. जरा दम धरा.

तर मापारी. हे त्याचं आडनाव नव्हे, गल्लीने ठेवलेलं नाव. वजनमापे खात्यात तो निरीक्षक होता. दुकानोदुकानी जायचं, काट्यावर आपली प्रमाण वजनं ठेवायची, काटा खरा असेल तर शिक्का मारायचा, खोटा असेल तर दंड. पारड्याखाली मेण चिकटवणारे, लोहचुंबक लावणारे, काट्याला हळूच बोट लावणारे, असे नाना नमुने त्याने पकडले होते. माणूस अंगाने ऐसपैस, पण स्वभावाने मिलिमीटरवाला. घरात भाजी चिरली तरी तो फोडी बघायचा. बायको म्हणायची, “अहो, खायची आहे, शिक्का नाही मारायचा.”

आणि दादा. मापाऱ्याचा थोरला भाऊ. नाक्यावर चष्म्यांचं दुकान. अंगाने इतका किडकिडीत, की उन्हात उभा राहिला तर सावलीलाच दया यावी. दोघांची घरं शेजारी शेजारी, म्हणजे मुळात एकच घर. वडील गेल्यावर वाटणी झाली, ती आईच्या कायद्याने. आईचा कायदा लहानपणापासूनचा: एकाने कापायचं, दुसऱ्याने आधी उचलायचं. मग कापणारा आपोआप नीट कापतो. त्याप्रमाणे मापाऱ्याने टेप लावून घर कापलं, मधोमध प्लायवूडची भिंत घातली, आणि दादाने उचललं. दादाने अंधारी बाजू उचलली.

“अरे, ती का?” मापाऱ्याने विचारलं.

“दिवसभर दुकानात उजेडच बघतो,” दादा म्हणाला. “घरी जरा डोळे मिटतील.”

मापाऱ्याला हे लागलं. इतक्या काटेकोर वाटणीत कुणी मुद्दाम कमी घेतलं, तर तो मोजणाऱ्याचा अपमान असतो. पण थोरल्याला काय बोलणार. तेव्हापासून मापारी दादाला कुठेतरी झुकतं माप द्यायची संधी शोधत होता, आणि दादा ती काही देत नव्हता.

मग दैवाने दिली. दैवाची संधी द्यायची रीत आपल्याला ठाऊकच आहे.

मापाऱ्याच्या कचेरीत आरोग्यतपासणी झाली. अहवालात आलं, यकृतात चरबी, पुढील तपासणी करावी. आता हा रोग असा, की ‘यकृत’ म्हटलं की शेजारी आधी बाटलीचा विचार करतात. मापारी चहा सोडून दुसऱ्या कशाच्या वासालाही गेलेला नव्हता. पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ग्रंथपालकाकांनी, म्हणजे निवृत्त ग्रंथपालांनी, जिन्यात त्याला थांबवून खांद्यावर हात ठेवला.

“सुटते,” ते हळूच म्हणाले. “मनावर घेतलं तर सुटते.”

“काका, मी घेतच नाही.”

“पहिली पायरी हीच असते. नाही म्हणणं.”

ग्रंथपालकाकांनी आयुष्यभर पुस्तकांमध्ये काढलं होतं, पण बहुतेक पुस्तकांच्या पाठीच वाचल्या होत्या. त्यामुळे त्यांना प्रत्येक विषयातलं शीर्षकाएवढं यायचं, आणि ते शीर्षकासारखंच ठळक अक्षरांत सांगायचे.

पुढील तपासणीला एकट्याने जाणं मापाऱ्याच्या जिवावर आलं. त्याने सोबतीला दादाला नेलं. रुग्णालयात एक यंत्र होतं, बरगड्यांवर टिचकी मारल्यासारखा कंप देऊन यकृत किती कडक झालंय ते सांगणारं. मापाऱ्याने पलंगावर झोपण्याआधी यंत्र चालवणाऱ्या बाईंना विचारलं, “याची पडताळणी शेवटची कधी झाली? दाखला कुठे आहे?”

“तुम्ही आधी शर्ट वर करा,” बाई म्हणाल्या.

“शर्ट वर करतो, पण शिक्का दिसत नाही.”

“अहो, सोबत कोण आहे यांच्या?”

सोबत दादा होता. तो हसतहसत आत आला आणि भावाची मान खाली घालायची वेळ टळावी म्हणून म्हणाला, “माझंही बघा. दोघांचे आकडे जुळले की याची खात्री पटेल.” मापाऱ्याचं यकृत चरबीने भरलेलं पण मऊ निघालं. दादाच्या बरगड्यांवर बाईंनी पुन्हा टिचकी मारली. मग पुन्हा. मग यंत्र बंद करून चालू केलं. त्या अवधीत मापाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की यंत्र खोटं असावं.

यंत्र खरं होतं. त्या हाडकुळ्या माणसाचं यकृत दगड व्हायच्या वाटेवर होतं.

*

डॉक्टरीणबाई शांत होत्या. कपाळावर आठी नाही, आवाजात गोडवा नाही, म्हणजे विश्वास ठेवावा अशाच. त्यांनी सांगितलं, की खाणंपिणं, चालणं हे चालू ठेवाच, पण दादाचं यकृत त्यापुढे गेलंय. या टप्प्यावर हमखास काम करेल असं त्यांच्याजवळ आज काही नाही. एक नवं औषध मात्र तपासलं जातंय. प्रौढ रुग्ण हवे आहेत. दोघंही त्या अटीत बसतात.

“फक्त एक आहे,” त्या म्हणाल्या. “निम्म्या लोकांना खरी गोळी मिळेल, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कुठली, ते तुम्हाला कळणार नाही आणि मलाही कळणार नाही. चाचणी संपली आणि औषध चांगलं ठरलं, तर ज्यांना बिनऔषधाची मिळाली होती त्यांना खरं औषध देणार. म्हणून शेवटपर्यंत टिकणं महत्त्वाचं.”

“आणि ती नुसती गोळी द्यायची कशाला?” दादाने विचारलं.

उत्तर मापाऱ्याने दिलं. इतका वेळ तो खुर्चीत अवघडून बसला होता, आता ताठ झाला. “दादा, ते प्रमाण वजन आहे. एका पारड्यात माहीत असलेलं ठेवल्याशिवाय दुसऱ्या पारड्यातलं किती भरतं ते कसं कळणार? नाहीतर ज्याला त्याला वाटेल, मला गुण आला. वाटण्याला वजन नसतं.”

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “मला इतकं सोपं सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. हे वाक्य मापाऱ्याने पुढे घरी, कचेरीत आणि जिन्यात मिळून इतक्यांदा सांगितलं, की बायको ते त्याच्या आधी म्हणू लागली.

इथे एक विघ्न आलं. समन्वयक बाई, म्हणजे चाचणीचे कागद सांभाळणाऱ्या, त्यांनी दोघांचे पत्ते पाहिले.

“एका घरातले दोघं चालत नाहीत.”

“आम्ही दोन घरांतले आहोत,” मापारी म्हणाला.

“पत्ता एकच दिसतोय.”

“मध्ये भिंत आहे.”

“कसली?”

“प्लायवूडची. पण कायदेशीर.”

एका घरातले दोघं का चालत नाहीत, हे बाईंनी सांगितलं नाही आणि मापाऱ्याने विचारलं नाही. त्याला वाटलं, नियम आहे म्हणजे असेल. सरकारी माणसाला नियमाचं कारण विचारणं चोंबडेपणाचं वाटतं. मग पुरावे गोळा करणं आलं. इतकी वर्षं जी दोन घरं एकमेकांत मिठासारखी विरघळली होती, ती आता वेगळी सिद्ध करायची होती. दाराला दोन क्रमांक हवेत म्हणून दुसरा क्रमांक रंगवला. घरपट्टीच्या कचेरीत माणूस म्हणाला, वेगळं घर दाखवायचं तर वेगळी मोरी दाखवा. मोरी एकच होती, तिच्यात मापाऱ्याने पडदा लावला. शेवटी विजेचे दोन मीटर कामी आले. वहिनींना आणि मापाऱ्याच्या बायकोला समन्वयक बाईंपुढे बसवून विचारण्यात आलं, तुमच्या चुली वेगळ्या का?

“पूर्ण वेगळ्या,” वहिनी म्हणाल्या.

“यांच्या हातचं आमच्याकडे चालत नाही,” बायको म्हणाली. हे तिने सहज म्हटलं होतं, पण वहिनी घरी येईपर्यंत दोन पावलं पुढेच चालत राहिल्या. मग भिंतीतल्या खिडकीतून, जिच्यातून रोज वाट्या इकडून तिकडे जात, एक वाटी आली ती रिकामीच आली.

ती वाटी भरून परत जायला आठवडा लागला. तोवर दोघं भाऊ चाचणीत दाखल झाले होते. दोन बाटल्या, दोन क्रमांक, गोळ्या सारख्याच: पांढऱ्या, गोल, बिनवासाच्या.

*

इथे थांबायला हरकत नव्हती. दोघांनी आपापली गोळी मुकाट्याने घेतली असती तर ही गोष्टच झाली नसती, आणि ती न होणंच सगळ्यांच्या भल्याचं होतं. पण माणसाला पोट दिलंय त्याला काय करणार.

मापाऱ्याला मळमळू लागलं.

सकाळी गोळी घेतली की तासाभरात तोंडाला पाणी सुटायचं, अंगाला खाज यायची. एकदा तो किराणा दुकानात काटा तपासत असताना पारड्यावरच ओणवा झाला, आणि दुकानदार, ज्याला त्याने दोनदा दंड केला होता, त्याने पाठीवरून हात फिरवत म्हटलं, “साहेब, एवढं मनाला लावून घेऊ नका, काटा खरा आहे.” मापाऱ्याची अब्रू इतकी स्वस्तात कधी गेली नव्हती.

दादाला काहीच होत नव्हतं. भूक छान, झोप छान, अंगाला खाज नाही.

“मग निकाल लागला,” ग्रंथपालकाका म्हणाले. ते आता रोज उतरून येत आणि दोन घरांच्या मधल्या उंबऱ्यावर बसत, म्हणजे कुठल्याही घरचा चहा चालायचा. “ज्याला त्रास, त्याचं औषध खरं. ज्या औषधाने काहीच होत नाही ते औषध नव्हे, आदरातिथ्य.”

“डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मळमळ कशानेही होते,” मापारी म्हणाला.

“त्यांना कुठे माहीत आहे? त्यांच्या डोळ्यांवर पट्टी आहे, असं तूच सांगितलंस ना?”

उंटावरच्या शहाण्याशी वाद घालायला आधी उंटावर चढावं लागतं. मापारी चढला नाही, पण ते वाक्य त्याच्या घरात शिरलं ते शिरलंच. भिंतीपलीकडे वहिनींनी ते ऐकलं होतं. पुढच्या दिवसांत मापारी उलटी करायला मोरीत गेला, की पडद्याच्या पलीकडे त्यांचं भांडी घासणं थांबायचं. त्या ऐकत असायच्या. जसं कुणी शेजारच्या घरात पैंजण वाजताना ऐकावं.

एकदा त्यांनी विचारलंच. “भावोजी, आजही झालं का?”

“झालं, वहिनी.”

“बरं आहे बाई तुमचं.”

या वाक्यात राग नव्हता. म्हणून तर ते मापाऱ्याला सोसवेना. ज्याचं यकृत मऊ त्याला खरी गोळी, आणि ज्याचं दगड होतंय त्याला पीठ. हे कुठलं माप? त्याने रुग्णालयात जाऊन समन्वयक बाईंना आडून आडून विचारलं, की आमच्या बाटल्या बदलून मिळतील का. बाई म्हणाल्या, कोणाची काय आहे ते माहीत असेल तर बदलणार ना. मापाऱ्याला हे पटलं, आणि पटलेलं घेऊन तो घरी आला तो जास्तच दुःखी होऊन.

संध्याकाळी तो आपली बाटली घेऊन दादाकडे गेला. दादा जमिनीवर बसून एका चष्म्याची काडी सरळ करत होता.

“ही घे. तुझी मला दे.”

दादाने बाटली पाहिली. “वेडा आहेस का.”

“माझी खरी आहे. तुला गरज आहे.”

“आणि तुला नाही?”

“माझं मऊ आहे अजून.”

“तुझं दगड होईपर्यंत मी वाट बघू? नको. तुझ्या नशिबाची तू घे.”

“दादा, घर कापलं तेव्हा अंधार तू उचललास. या वेळी तरी—”

“अरे, त्या बाजूला गारवा असतो. तू अजून तेच धरून बसलायस?” दादा हसला, मग खोकला. “घेणार नाही म्हणजे नाही.”

आतून मापाऱ्याची बायको आली. ती तिथे काय करत होती विचाराल, तर वहिनींची भाजी उतरवत होती; वेगळ्या चुली सिद्ध झाल्यापासून दोघी एकाच चुलीवर करत होत्या, इंधन वाचतं म्हणून. तिच्यामागून वहिनी आल्या. त्यांच्या हातात काचेची बरणी होती, घट्ट झाकणाची, धुऊन पुसून लख्ख केलेली. असं वाटलं, की ती बरेच दिवस धुऊन ठेवलेली असावी.

“पूर्ण नको असेल त्यांना तर राहू द्या,” त्या म्हणाल्या. “निम्मं निम्मं. दोन्ही बाटल्या यात ओता. रोज दोघांनी न बघता एकेक उचला. ज्याला जे येईल ते. कुणाचं कमी नाही, कुणाचं जास्त नाही.”

“सासूबाई असत्या तर हेच म्हणाल्या असत्या,” बायको म्हणाली.

आता खरी गोष्ट अशी, की त्या खोलीत एकाच माणसाला ठाऊक होतं की हे काय चाललंय. प्रमाण वजन दुसऱ्या पारड्यात मिसळलं तर मागे काय उरतं, हे मापाऱ्याइतकं कुणाला कळणार. अशा कामासाठी त्याने लोकांची दुकानं बंद केली होती. त्याने बरणीकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं. मग दादाकडे. दादाच्या डोळ्यांच्या कडा पिवळसर झाल्या होत्या. चष्म्याच्या धंद्यात असूनही त्याला त्या दिसल्या नव्हत्या.

मापाऱ्याने आपली बाटली उलटी केली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काट्याला बोट लावलं, आणि चांगलं जोर देऊन लावलं.

*

यानंतरचे दिवस त्या घरातले सुखाचे होते, आणि सुखाचे दिवस सांगायला फार जागा लागत नाही. रोज सकाळी दोघं भाऊ बरणीपुढे डोळे मिटून बसत. आधी कोण उचलणार यावर वाद होई. मापारी म्हणे थोरल्याने, दादा म्हणे धाकट्याने, मग वहिनी ओरडत, “कामावर जायचंय का नाही कुणाला?”

मापाऱ्याची मळमळ कमी झाली. निम्मी झाली असं त्याचं म्हणणं, आणि निम्मं ओळखण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. आणि एके दिवशी दादाने सकाळचा चहा घेतला, पेला खाली ठेवला, त्याचा चेहरा पांढरा पडला आणि तो भांड्यात भडाभडा ओकला.

मग वहिनींनी पदराने त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “अभिनंदन.”

दादा घामाघूम होऊन हसत होता. “मलाही लागली,” तो म्हणाला. “लागली रे, खरी लागली.”

ग्रंथपालकाकांनी वरून उतरून त्याचा हात हातात घेतला. मापाऱ्याची बायको डोळे पुसत होती. एखाद्याला बढती मिळाल्यावरही त्या घरात इतका आनंद झाला नव्हता. ज्या उलटीला दुसऱ्या कुठल्याही घरात डॉक्टरकडे नेलं असतं, तिचं इथे कौतुक झालं. दादाचं यकृत त्या दिवसांत काय करत होतं, ते बोलत नव्हतं. त्याचा स्वभाव आपण पाहिलाच.

*

मग चाचणी तपासायला एक तपासनीस आला. कंपनीचा माणूस, दुसऱ्या गावाहून आलेला, बारीक चाळशी, हातात पेन उघडंच. मापाऱ्याने त्याला पाहताक्षणी ओळखलं, म्हणजे जात ओळखली. हा आपल्यातला. असा माणूस पारड्याखाली हात घालून बघितल्याशिवाय जात नाही.

तपासनिसाने फार काही विचारलं नाही. दोघा भावांचा दिवस एकच होता, म्हणून दोघं शेजारी बसले होते. डॉक्टरीणबाई, समन्वयक बाई समोर. तपासनिसाने सहज म्हणून विचारलं, “गोळ्या घरी कुठे ठेवता? ऊन, ओल लागत नाही ना?”

“अजिबात नाही,” दादा म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. घरच्या व्यवस्थेबद्दल कुणी विचारलं की त्याला नेहमीच बरं वाटे. “काचेची बरणी आहे, घट्ट झाकणाची. दोघांच्या त्यातच असतात.”

मापाऱ्याने त्याच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

“दोघांच्या म्हणजे?” तपासनिसाने विचारलं.

“माझ्या आणि याच्या. न बघता उचलतो. एकाला कमी, एकाला जास्त, असं आमच्याकडे नसतं.”

पेन थांबलं. समन्वयक बाईंनी डोळे मिटून घेतले. एका घरातले दोघं का चालत नाहीत, हे मापाऱ्याला त्या मिटलेल्या डोळ्यांवरून कळलं. दादा एकेकाच्या तोंडाकडे बघत होता, आणि अजून हसरा होता, कारण आपण काही वाईट सांगितलं असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी दोघा भावांना ठेवून बाकीच्यांना बाहेर पाठवलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुम्हाला तरी कळायला हवं होतं,” त्या मापाऱ्याला म्हणाल्या.

“कळत होतं.”

“मग?”

खोटा काटा पकडल्यावर दुकानदार जसे हात हातात धरून उभे राहतात, तसा तो उभा राहिला. त्याला आता कळलं, की त्यांच्यातल्या कित्येकांना नुसता लोभ नसावा. “मला काढा,” तो म्हणाला. “दंड करा, जे असेल ते करा. याला ठेवा. शेवटी खरं औषध द्याल ना, ते याला मिळू दे.”

“यांचं मी मोजू काय आता?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “यांच्या पोटात किती गेलं, कशाचं गेलं, ते कुणालाच माहीत नाही. दोघंही बाहेर. औषधाचंही आता सांगता येणार नाही. बाजारात येईल तेव्हा येईल. मला वाईट वाटतं.”

त्यांना खरंच वाईट वाटत होतं. नियमाला वाटत नव्हतं.

दारातून बाहेर पडताना दादा म्हणाला, “बरणी नको म्हणायला हवं होतं का रे मी?”

“नाही,” मापारी म्हणाला. “बरणी चांगलीच आहे.”

*

यकृत शेवटी बोललं. एकदा बोलायला लागलं की ते थांबत नाही. दादाच्या पायांवर सूज आली, मग पोटात पाणी झालं. त्या किडकिडीत माणसाला आयुष्यात पहिल्यांदा पोट सुटलं, तेव्हा तो मापाऱ्याला म्हणाला, “बघ, वाटणी पुरी झाली. तुझी ढेरीही घेतली मी.” रुग्णालयात ते पाणी काढत आणि ते परत भरे. वहिनी मोजून पाणी प्यायला देत. ग्रंथपालकाका उतरून येत आणि उंबऱ्यावर बसत, पण बोलत नसत. या विषयावरचं एकही शीर्षक त्यांना आठवत नव्हतं.

त्याच सुमारास मापाऱ्याची पुन्हा तपासणी झाली. यंत्र चालवणाऱ्या बाई त्याच. या वेळी त्याने दाखला मागितला नाही. बाईंनी टिचकी मारली, आकडा पाहिला, पुन्हा मारली. यकृत सुधारलं होतं. चरबी उतरली होती.

हे त्याने बायकोशिवाय घरी कुणाला सांगितलं नाही. पण प्लायवूडच्या भिंतीतून बायकोला सांगितलेलं बायकोपुरतं राहत नाही. दादाने हाक मारून त्याला आत बोलावलं. तो अंधाऱ्या बाजूच्या पलंगावर उशीला टेकून बसला होता. आवाज बारीक झाला होता, पण दुकानातल्यासारखाच हसरा.

“तुझं सुधारलं म्हणे.”

“यंत्र आहे. चुकतं.”

“चुकत नाही. म्हणजे तुझीच खरी होती.” दादाने त्याचा हात धरला. त्या हाताला आता वजन असं नव्हतंच. “आणि निम्मी तू मला दिलीस. पुरी घेतली असतीस तर आज धावत सुटला असतास. एवढं कोण कुणाला देतं रे? मी तुला एवढं कधी दिलं नाही.”

“जाऊ दे ना दादा.”

“जाऊ कसं दे. सांगू दे मला. तू मला झुकतं माप दिलंस.”

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “खरं आहे, भावोजी,” आणि चहा ठेवायला गेल्या. मापाऱ्याला आयुष्यभर जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं. त्याला बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

दादा गेल्यावर प्लायवूडची भिंत काढली. तिच्या दोन्ही बाजूंची जमीन दोन रंगांची निघाली. विजेचा एक मीटर बंद करायला अर्ज केला, तर त्यांनी मृत्यूचा दाखला, वाटणीचा कागद आणि मूळ मालकाची सही मागितली. मीटर अजून चालू आहे. चाचणी संपली, औषध चांगलं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी मापाऱ्याला निरोप पाठवला, की कुणाच्या बाटलीत काय होतं ते आता सांगता येतं, हवं असेल तर या. मापारी गेला नाही. माहीत असलेलं पुन्हा कशाला मोजायचं, म्हणाला.

मापाऱ्याच्या बाटलीत नुसतं पीठ होतं. दादाच्या बाटलीत पहिल्या दिवसापासून खरी गोळी होती.